मोटांच्या रांगेतला तांब्या

परत आल्यापासून आमच्या पाखाडीतली प्रत्येक बाई मला एकच विचारते, "कुसुम, संत्री किती खाल्लीस गो?" एकही नाही! संत्र्यांच्या मुलखात दोन महिने राहिले आणि पिकल्या संत्र्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. वैशाखात गेलं की असंच व्हायचं. त्या दिवसांत तिकडच्या निम्म्या बागांत लिंबाएवढी हिरवी फळं असतात आणि उरलेल्या निम्म्या बागांत नुसती तहान. ती तहान माणसांनी बैठका घेऊन, देवासमोर शपथा घालून, ठरवून लावलेली असते. आणि आमच्या अप्पांनी नेमका तिथे आपला तांब्या रिकामा केला. सगळं पहिल्यापासून सांगते, कारण गावात याची निरनिराळी रूपं फिरू लागली आहेत, आणि त्यांतल्या एकात झाडाला पाणी मीच घातलं असं आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. समुद्राकाठी आमचं पोफळीचं आगर आहे. पोफळीला उन्हाळाभर शिंपण लागतं, पाटाचं पाणी घरोघर पाळीनं येतं, आणि आपल्या पाळीला अप्पा जातीनं उभे असतात. दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नाही. माझी थोरली बहीण, तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, लग्न होऊन नागपूरच्याही पुढे सौसरला गेली त्याला इतकी वर्षं झाली, पण उन्हाळ्यात आगर आणि पावसाळ्यात पाऊस, असं म्हणत अप्पांनी तिचं घर पाहिलं नव्हतं. भाऊजी पुण्याला शिकायला असताना आमच्या दादाचे खोलीसोबती होते, त्या ओळखीतून हे लांबचं स्थळ जमलेलं. यंदा दादानं शिंपणाचा शब्द दिला, वहिनीनं तो शब्द दादाकडून पाळून घ्यायची हमी दिली, तेव्हा कुठे अप्पा हलले. सोबतीला मी. माझं सासर गावातच. आमच्या ह्यांना म्हटलं, आठ दिवसांत येते, तोवर पिठलं करायला शिका.

नागपूरहून पुढे

नागपूरपर्यंतचा प्रवास सांगत नाही. घाम आला, एवढं पुरे. पुढे मात्र गंमत झाली. राज्यांची नवी वाटणी होऊन जेमतेम एक हिवाळा गेला होता. नागपूर आता आमच्या मुंबई राज्यात आलं होतं आणि ताईचं सौसर तिकडे मध्य प्रदेशातच राहिलं होतं. म्हणजे कधी न पाहिलेलं नागपूर आमचं झालं आणि आमची सख्खी ताई परराज्यातली! सौसरला जाणाऱ्या छोट्या गाडीत समोर लोधीखेड्याचे एक कापसाचे व्यापारी बसले होते. अप्पांनी त्यांना विचारलं, "सरहद्द कुठे लागते हो?"

"काय सांगू जी," ते म्हणाले, "रोज येऊन जाऊन राहिलो, मले त अजून दिसली नाही. राजधानी तेवढी नागपुरातून उठून भोपाळले गेली. आमी सारे जिथल्या तिथंच हावोत."

अप्पा हसले, पण त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. काळी जमीन, भेगा पडलेली, कपाशीची वाळकी खुंटं, आणि ओढा म्हणावा तिथे नुसते गोटे. "पाणी कुठे आहे गो यांचं?" त्यांनी मला विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. सौसर येईपर्यंत विचारतच राहिले. जणू मीच लपवून ठेवलं होतं!

स्टेशनावर भाऊजी आले होते. ते सौसरच्या शाळेत मास्तर. घरी ताईनं अप्पांना दारात पाहिलं आणि पायांवर डोकं ठेवून अशी रडली की मलाही आवरेना. मग जेवण. ज्वारीची भाकरी आणि पाटवडीचा लालभडक रस्सा. पहिल्या घासाला अप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताईच्या सासूबाईंना वाटलं, लेकीच्या भेटीचं अजून सरलं नाही. "रडू नोका जी इवाई," त्या म्हणाल्या, "पोरगी सुखात हाय आमच्याकडं." व्याह्यांना तिकडे इवाई म्हणतात. अप्पांना तिखटाचं सांगायची चोरी झाली, आणि त्यांनी तो रस्सा रडत रडत संपवला. संपल्यावर सासूबाईंनी मायेनं आणखी वाढला.

मामाजींची बाग

ताईच्या सासऱ्यांना सगळे मामाजी म्हणतात. तिकडे सासऱ्याला मामाजीच म्हणायचं असतं, मीही म्हणू लागले. उंच, काटक माणूस, आवाज घरभर पोचणारा. घर सौसरात आणि बाग बोरगावच्या अंगाला, नाल्याकाठच्या एका गावात. दुसऱ्या दिवशी बैलगाडी जोडून त्यांनी आम्हाला बाग दाखवायला नेलं.

गाडीतून उतरलो आणि अप्पा जागच्या जागी थांबले. झाडं ओळीत उभी होती, पण पानं गुंडाळलेली, राखेच्या रंगाची, खाली वाळक्या पानांचा थर. अप्पांनी मामाजींचा हातच धरला. "व्याही, बाग गेली हो तुमची!"

मामाजी मोठ्यानं हसले. "गेली नाही जी. ताण देऊन राहिलो."

मग बागेतल्या खोपडीत, म्हणजे राखणीच्या झोपडीत, बसून त्यांनी आणि भाऊजींनी सगळं समजावलं. संत्र्याचं झाड आपल्या पोफळीसारखं नाही. त्याला रोज पाणी दिलं तर ते नुसतं पानं काढत बसतं. महिना-दीड महिना पाणी तोडलं, चांगली तहान लागू दिली आणि मग पाणी दिलं, की फुलावर येतं. ही तहान, म्हणजेच ताण, पौषात लावली तर माघात फुलं येतात, त्याला आंबिया बहार म्हणतात. वैशाखात लावली तर मृगाच्या पावसावर फुलं येतात, तो मृग बहार. दोन्हीपैकी एक घ्यायचा.

आजवर अख्खं गाव आंबियाच घेत होतं. म्हणजे वैशाखाच्या उन्हात सगळ्यांच्या झाडांवर फळ, सगळ्यांना एकदम पाणी हवं, आणि नाला एक. नाल्याकाठच्या विहिरींवर वरच्या बागांच्या मोटा सुरू झाल्या की खालच्या बागांना चिखल उरायचा. हिरवी फळं गळायची, मग शिव्या, मग काठ्या. बंधारा मिळावा म्हणून अर्ज केला होता, पण राज्याचीच उलथापालथ झाली आणि थांबा म्हणून उत्तर आलं.

"थांबून काय करता जी," मामाजी म्हणाले. "मास्तरनं शाळेच्या ओट्यावर खडूनं नाला काढला आन् वरच्या-खालच्या साऱ्यांले समोरासमोर बसवलं. हिवाळाभर भांडलो, पन बसून भांडलो."

ठरलं ते असं. वरच्या बागांनी मृग घ्यायचा, खालच्यांनी आंबियाच ठेवायचा. म्हणजे उन्हाळ्यात वरचे ताणावर, त्यांनी नाल्याला हात लावायचा नाही, पाणी खाली जाऊ द्यायचं. हिवाळ्यात उलट. वरच्यांच्या झाडांवर फळ असेल आणि खालचे ताणावर असतील, तेव्हा त्यांनी हात आवरायचा. नाला तेवढाच, पण झाडांच्या तहानेचे महिने वेगळे केले! यात वरच्यांना यंदाचं पीक सोडावं लागलं. ते पहिल्यांदा मामाजींनी सोडलं, मग बाकीच्यांनी. जामसावळीला निजलेल्या मारुतीसमोर सगळ्यांनी शपथ घेतली. ताणावरच्या बागांच्या मोटा विहिरींवरून सोडून गावातल्या मारुतीच्या देवळात ओळीनं टांगल्या. आणि दर सोमवारी वरचे-खालचे सगळे मिळून प्रत्येक बाग फिरायचे आणि पानं पाहायचे. एरवी मालकानं आपल्या ताणावरच्या बागेत हिंडायचं नाही, कारण झाडं पाहून हात शिवशिवतो. मामाजी खोपडीत निजत, पण मागच्या अंगाला पाऊल टाकत नसत. आंघोळीलासुद्धा गावात जात.

अप्पांनी सगळं ऐकलं, मान डोलावली. "बुद्धी नामी आहे," म्हणाले. आणि गारव्यासाठी आपणही खोपडीत निजणार असं त्यांनी जाहीर केलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पांढुर्ण्याचा बाजार

आठवड्यानं मामाजी आम्हाला पांढुर्ण्याला घेऊन गेले. जाम नदी कोरडी, पण बाजार तुडुंब. मिरच्यांचे ढीग पाहूनच अप्पा शिंकले. तिथल्या बागाइतदारांनी मामाजींना घेरलं. एक जण म्हणाला, "वर्षाचं पीक सोडलं म्हने! आन् मृगाच्या अगोदर पानी आलं त? ताण तुटंन, फूल बी जाईन, फळ बी जाईन." दुसरा म्हणाला, "आमी पाहून राहिलो मामाजी. तुमचं जमलं त आमी बी करू. नाही त जन्मभर हसू."

मामाजी हसून "पाहा की जी" म्हणाले, पण परतीच्या वाटेवर ते सारखे आभाळाकडे पाहत होते. तेवढ्यात पश्चिमेकडे ढग दाटले. अप्पांची कळी खुलली. "आला बघा!" आणि गाडीतले सगळे हात जोडून पुटपुटू लागले, येऊ नको बाप्पा, आत्ता येऊ नको! पाऊस नको म्हणणारी माणसं मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. ढग निघून गेला. मामाजींनी कपाळाचा घाम पुसला, आणि तेव्हा मला कळलं की या माणसानं आपली बागच नाही, आपला शब्द पणाला लावलाय. बागा सुकतील-फुलतील, पण ही जमलेली माणसं एकदा उठून गेली तर पुन्हा त्या ओट्यावर बसणार नाहीत.

सोमवार

त्या सोमवारी पाहणीत मीही होते. ताई आणि मी कैरीचं पन्हं घेऊन मागोमाग. पुढे गुलाबराव. खालच्या अंगाची सर्वांत मोठी बाग यांची, मिशा त्याहून मोठ्या, आणि या ठरावात सगळ्यांच्या शेवटी, कुरकुरत आलेले. प्रत्येक बागेत ते पान तोडत, बोटांत चुरडत, आणि पुढे जात.

मामाजींची बाग आली. ओळीमागून ओळ सुकलेली, सगळं रीतसर. मग गुलाबराव खोपडीच्या मागे वळले, आणि तिथेच उभे राहिले.

विहिरीजवळ आंघोळीचा दगड होता आणि दगडाशेजारी एक झाड. सगळ्या राखेच्या रंगात ते एकटं हिरवंगार! पानं ताठ, शेंड्यांना पोपटी पालवी फुटलेली.

"मामाजी," गुलाबराव म्हणाले, "हे झाड पानी पिऊन राहिलं."

मामाजी पुढे आले, झाडाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा ताणावरच्या पानांसारखा झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "चला रे, देवळातून मोटा काढा! ज्यानं ठरवलं त्यानंच मोडलं, आपन कायले बाग मारावं?" दोघेतिघे खरंच वळले. ताईनं माझं मनगट घट्ट धरलं. सासऱ्यांच्या अब्रूचा प्रश्न, आणि तिला माझ्याआधी कळलं होतं की हे पाणी कुठून आलंय.

मामाजी म्हणाले, "बाग माझी हाय. जिम्मेदारी माझी."

"थांबा हो!" विहिरीच्या कठड्याआडून आवाज आला. अप्पा! पंचा नेसलेले, केस ओले, हातात तो तांब्याचा तांब्या, जो प्रवासात मलाही उचलू दिला नव्हता. धर्मराजासारखे आले असते तर शोभलं असतं, पण वाटेत शेणावर पाय घसरला आणि गुलाबरावांनीच दंडाला धरून सावरलं.

"व्याह्यांना काही ठाऊक नाही," अप्पा म्हणाले. "पाणी मी घातलं. आंघोळीचं सांडायचं तेवढं, असं पहिल्या दिवशी म्हटलं. मग दोन तांबे वर घातले. मग रोजच घालू लागलो. आमच्याकडे एक शिंपण चुकलं तर मला जेवण जात नाही हो. तहानलेलं झाड शेजारी उभं आणि मी अंगावर पाणी ओततो, हे मला नाही जमलं. तुमची रीत कळली होती. तरी हात ऐकेना."

मला हसू येत होतं आणि रडूही. गुलाबराव मिशीवरून हात फिरवत अप्पांकडे बघत होते.

"तुमच्या कोकनात बी पान्याची पाळी असते म्हने?"

"असते तर!"

"आन् पाळी कोनी मोडली त काय करता?"

खोटं बोलणं अप्पांना येत नाही. "पाळी मोडील त्यानं त्या हंगामभर सगळ्यांचा पाट राखायचा. फुटला की बुजवायचा, गाळ काढायचा, पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचवायचं. आमच्या चुलत्यांनी राखला होता, मी लहान असताना. तोंड दाखवायची लाज वाटायची त्यांना."

"काहून लाजायचं जी?" गुलाबराव म्हणाले. "तुमचाच कायदा, तुमाले लावू. मृग पडेपर्यंत नाल्यापासून माह्या बागेपर्यंतचा पाट तुमच्या हाती. आन् हा तांब्या मोटांसंगं देवळात. बोला, मंजूर?"

सगळे अप्पांकडे बघत होते. वळलेलेही थांबले होते. अप्पांनी तांब्या दोन्ही हातांनी गुलाबरावांपुढे धरला. "मंजूर."

पाटाची राखण

मी ह्यांना कळवलं की पिठल्यानंतर आता भातही शिका.

आणि अप्पा? लाजतील, खंगतील असं मला वाटलं होतं. कसचं काय! पहाटे उठून खांद्यावर फावडं टाकून निघत. पाट कुठे पाझरतो, खेकड्यानं कुठे भोक पाडलंय, कुणाची म्हैस पाटात डुंबते, सगळं त्यांना पाठ. म्हशींशी ते कोकणीत भांडत आणि म्हशींच्या मालकांशी वऱ्हाडीत. "काहून सोडली जी म्हैस?" असं अप्पांच्या तोंडून ऐकून ताई पोट धरून हसली. माहेराहून गेल्यापासून ती इतकी हसली नव्हती, असं तिनंच मला सांगितलं.

पाट संपे तिथे गुलाबरावांची बाग. दुपारी ते अप्पांना सोडत नसत. भाकरी, ठेचा आणि वर गुळाचा खडा. अप्पा आता न रडता ठेचा खाऊ लागले होते. आम्ही गेलो तेव्हा लिंबाएवढी असलेली फळं हळूहळू भरत होती. गळ नव्हती. एकदा गुलाबराव फांदी खाली ओढून म्हणाले, "इवाई, या दिवसांत अशी भरलेली फांदी मी जलमात नाही पाह्यली." मामाजी शेजारीच होते. त्यांनी चिलीम पुढे केली आणि गुलाबरावांनी घेतली. ताई म्हणाली, हे आजवर झालं नव्हतं.

सोमवारची पाहणी चालूच होती. मोटा टांगलेल्याच राहिल्या, त्यांच्या ओळीत शेवटी अप्पांचा तांब्या. देवळात येणाऱ्या बायका मारुतीला नमस्कार करत, मग तांब्याकडे बघून पदर तोंडाला लावत.

मृग आला. पावसाचं वर्णन करत नाही, आपल्याकडे तो काही कमी पडत नाही. वेळेवर आला, एवढंच महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी वाजतगाजत मोटा उतरवल्या. अप्पांनी तांब्याला हात घातला तर गुलाबराव म्हणाले, "राहू द्या जी. फूल त दिसू द्या."

फूल दिसेपर्यंतचे दिवस फार अवघड गेले. मामाजी अर्ध्या जेवणावरून उठत होते. भाऊजी शाळेत मुलांना उगाच ओरडत होते. आणि मग एका सकाळी, आम्ही गाडीतून उतरायच्या आधीच, तो वास आला! गोड, थोडा कडसर, अंगभर पसरणारा. बाग पांढरी झाली होती. फांदी म्हणून दिसत नव्हती. मामाजी पाहणीशिवाय पहिल्यांदाच आपल्या बागेत आतपर्यंत गेले, एका झाडाखाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. कशाला लपवू?

अप्पा मात्र खोपडीच्या मागे गेले होते. त्यांचं झाड सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरवं, आणि त्यावर फूल एकही नाही. त्याच्या खोडावर हात ठेवून ते उभे होते. "माझ्या मायेनं तुझं वर्ष गेलं रे," एवढंच म्हणाले.

गुलाबराव मागोमाग आले. त्यांनी त्या झाडाकडे पाहिलं, मग बाजूच्या पांढऱ्या ओळीकडे. "मामाजी, या झाडाले जपा," ते म्हणाले. "पांढुर्न्याचे लोक पाहाले येतीन. तोंडानं किती सांगता? इथं आनून उभं करायचं." आणि लोक आलेच. पांढुर्ण्याचे ते दोघे बागाइतदार एकदा या झाडाकडे, एकदा त्या झाडाकडे बघत किती वेळ उभे होते. जाताना त्यांनी भाऊजींना विचारलं, "मास्तर, आमच्या नाल्याचं बी खडूनं काढून देता का?"

निघायच्या दिवशी सगळे देवळात जमले. गुलाबरावांनी स्वतः शिडी लावली. "घ्या इवाई, तुमचा तांब्या. हिसाब चुकता."

अप्पांनी हात वर केला, तांब्याला लावला, आणि खाली घेतला.

"असू दे इथेच," ते म्हणाले. "पुढल्या वैशाखात तुम्ही मोटा टांगाल तेव्हा मी इथे असलो आणि तांब्या माझ्याजवळ असला, तर माझा मला भरवसा नाही."

देवळात जो हशा झाला! मामाजींनी अप्पांना मिठी मारली ती सोडेचनात, आणि गाडी चुकते म्हणून भाऊजी ओरडायला लागले.

घरी आलो. दादानं एकही शिंपण चुकवलं नव्हतं, पोफळी जोमात होत्या. अप्पांनी आगरातून एक फेरी मारली आणि दादाची एकही चूक न काढता परत आले, तेव्हाच मी ओळखलं. वहिनीनं न्हाणीघरातून हाक मारली, "अप्पा, तुमचा तांब्या कुठाय?"

"सौसरला आहे," अप्पा म्हणाले आणि वहिनीचं टमरेल घेऊन आंघोळीला बसले. आता रोज तेच वापरतात. ज्यांनी यंदापर्यंत आगराचं शिंपण दुसऱ्याच्या हाती दिलं नाही, ते अप्पा रोज आंघोळीनंतर डोकं पुसत दादाला विचारतात, "येत्या वैशाखातही शिंपशील ना रे?"